पाय हवेत गेले तरी धावत राहा

उडण्याविषयी वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळची पत्रं बहुतेक सुट्टीच्या बेतांची आहेत. साताऱ्याहून आलेल्या पत्राला उत्तर देताना माझाच हात आवरला नाही. त्यामुळे बाकीच्यांना थोडक्यात आटोपलंय, राग नसावा.

प्रश्न : मी 51 वर्षांची आहे, साताऱ्यात बँकेत नोकरी करते. मुलगी झुरिकला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिनं मला न विचारता इंटरलाकेनला हँग ग्लायडिंगचं बुकिंग करून टाकलंय, माझ्या वाढदिवसाचं म्हणून. लहानपणी यवतेश्वरच्या घाटात मी घारी बघत बसायचे, हे तिला कधीतरी बोलले होते. तेवढंच तिनं धरून ठेवलं. पण मला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघवत नाही. त्यात ह्यांनी तो व्हिडिओ पाहिला, ज्यात एक माणूस नुसत्या हातांनी लोंबकळत खाली येतो. तेव्हापासून घरात रोज तोच विषय. डावा गुडघाही अधूनमधून कुरकुरतो. मी जाऊ का? खरं सांगायचं तर मला जायचंय.
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटचं वाक्य पहिलं लिहिलं असतंत तर बाकीचं पत्र निम्म्यात संपलं असतं! जा. पण काही गोष्टी समजून घेऊन जा. हँग ग्लायडिंग म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडी पंखाखाली पालथं लटकून उडणं, तुमच्या बाबतीत पायलटच्या शेजारी.

आधी गॅलरीचं बघू. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवायचे आणि शनिवार-रविवार कामशेतला पॅराग्लायडिंग. उंचीला घाबरणारे विद्यार्थी मला इतके भेटलेत की आता तो प्रश्न आला नाही तर चुकल्यासारखं होतं. गॅलरीत उभं राहिलं की नजर भिंतीवरून घरंगळत खाली जाते. पायाखालची इमारत डोळ्यांना दिसत असते आणि पोटात गोळा येतो तो त्या कडेमुळे. हवेत कडच नसते. तुम्हाला जमिनीशी जोडणारी भिंत नाही, शिडी नाही, काही नाही. खालचं भातखाचर नकाशासारखं दिसतं. स्टुलावर चढून पंखा पुसायला घाबरणारी माझी एक विद्यार्थिनी वर गेल्यावर गाणं म्हणत होती, आणि तेही बेसूर. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, पण गॅलरीवरून हवेतलं भविष्य वर्तवू नका.

आता तो व्हिडिओ. तो खरा आहे आणि स्वित्झर्लंडमधलाच आहे, 2018 चा. पर्यटकाचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधलेला पट्ट्यांचा साज, ग्लायडरला अडकवायचाच राहिला होता. उड्डाण झाल्यावर तो 2 मिनिटं 14 सेकंद एका हातानं पंखाखालचा दांडा आणि दुसऱ्या हातानं पायलटला धरून लोंबकळला. मनगट मोडलं, दंडाचा स्नायू फाटला, पण वाचला. व्हिडिओच्या शेवटी त्यानं लिहिलंय की मी पुन्हा हँग ग्लायडिंगला जाणार, कारण पहिल्या वेळी मजा घेताच आली नाही. हे तुमच्या ह्यांना वाचून दाखवा. उपयोग होईलच असं नाही.

पण मला त्या व्हिडिओत दिसते ती एकच गोष्ट : हुक. तिथे पंख मोडला नाही की वाराही फिरला नाही. एका माणसाच्या हातून एक पायरी राहिली. आणि ती कशी राहते हे मला चांगलं माहीत आहे, कारण माझ्या हातूनही राहिली होती. 2004 सालची गोष्ट. शिंदेवाडीच्या डोंगरावर मी पंख पसरून, हेल्मेट घालून टेक-ऑफला तयार उभी. मागे उभा असलेला कॉलेजातला एक पोरगा घाबरत घाबरत म्हणाला, "मॅडम, तुमचा पायाचा पट्टा." खाली बघितलं तर मांडीच्या दोन्ही पट्ट्यांची बकलं उघडी. तशीच उडाले असते तर हार्नेसमधून घसरून काखेवर लटकले असते. झालं होतं काय, तर मी पट्टे बांधत असताना कुणीतरी विचारलं, "मॅडम, चहा आणू का?" मी "हो, बिनसाखरेचा" म्हटलं, आणि हात पुढच्या बकलाकडे गेले. एवढंच. त्या दिवसापासून माझा नियम आहे : बांधताना कुणी मध्ये बोललं की सगळं सोडायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

म्हणून तुमच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा. पायलट तुम्हाला अडकवत असेल तेव्हा "आई, इकडे बघ, फोटो" नको. तुम्हीही घाबरून बडबड करू नका. फोटो नंतर भरपूर होतील.

आणि उडण्याआधी एक पायरी असतेच, तिला हँग चेक म्हणतात. मदतनीस ग्लायडरचं नाक धरून उभा राहतो. तुम्ही हार्नेसमध्ये पालथं झोपता आणि जमिनीपासून वीतभर वर झुलता. तुमचा भार पट्ट्यावर नीट येतोय का, तुम्ही दांड्यापासून योग्य उंचीवर आहात का, हे पायलट बघतो. तुम्हाला झुलवून बघितलं नसेल तर सरळ विचारा. इंग्रजी आठवलं नाही तर हुकाकडे बोट दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही. एस्टीत सुट्टे पैसे मागायला लाजतो का आपण?

मी स्वतः इंटरलाकेनला 2011 साली गेले होते. पॅराग्लायडिंगची बरीच वर्षं गाठीशी होती, पण हँग ग्लायडरखाली मी तुमच्याइतकीच नवखी. वर बिआटेनबर्गला गाडीनं गेलो. तिथून समोर आयगर, मोंख आणि युंगफ्राऊ एका ओळीत, युंगफ्राऊ 4158 मीटर. मजा म्हणजे आपण ज्या गवताळ उतारावर उभे असतो तो आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा असतो. नाव बर्फाच्या डोंगरांचं होतं आणि आपण धावत असतो गाईंच्या कुरणातून.

पायलटनं मला आधी सपाटीवर चालवलं, मग पळवलं. माझा एक हात त्याच्या हार्नेसच्या पट्ट्यावर. दांड्याला हात लावायचा नाही, ही ताकीद. दांडा म्हणजे पंखाखाली असलेल्या त्रिकोणाची खालची आडवी नळी, ती त्याची. मग तो म्हणाला, मी सांगितलं की धावायचं आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मी मनात म्हटलं, हे तर मी गेली दहा वर्षं दुसऱ्यांना सांगते आहे.

आणि तरीही, ताई, मी थांबले! पाच-सहा पावलांत जमीन हलकी झाली, टाचा उचलल्या गेल्या आणि माझ्या शरीरानं परस्पर ठरवलं की झालं, आता बसा. पॅराग्लायडरमध्ये उडाल्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसायचं असतं, ती सवय. तो कानाशी ओरडला, "रन, रन!" मी हवेत दोन-तीन पावलं टाकली, पाय परत गवताला लागले, पुन्हा धावले, आणि मग गवत गेलं ते गेलंच.

यामागचं कारण समजलं की पाय आपोआप ऐकतात. पंख उचलला जातो तो त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. ढोबळ मानानं ताशी 30 किलोमीटरचा वारा पंखाला लागतो असं धरा. समोरून 12-15 चा वारा असेल तर उरलेला वेग तुमच्या चार पायांनी द्यायचा असतो, दोन त्याचे नि दोन तुमचे. तुम्ही मध्येच बसलात किंवा उडी मारलीत तर तुमचं सगळं वजन पंखावर येतं, तेही त्याचा वेग पुरा व्हायच्या आत. नवख्यांच्या हातून होणारी चूक जवळजवळ नेहमी हीच. पाय हवेत गेले तरी सायकल मारल्यासारखे चालू ठेवा. वेडगळ दिसेल, दिसू दे.

म्हणजे गुडघ्याचा प्रश्न भीतीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. डॉक्टरांना विचारा, पण नुसतं "मी हँग ग्लायडिंग करू का" असं विचारू नका, ते घाबरून नाहीच म्हणतील. "गवताच्या उतारावर खाली, पंधरा-वीस पावलं जोरात धावू का" असं विचारा. ते हो म्हणाले तर अजिंक्यताऱ्याच्या बाजूला कुठेतरी सौम्य उतार गाठा आणि आठवड्यातून दोनदा धावून बघा, कुणाचा तरी दंड धरून. ह्यांचाच धरा. दोघांची पावलं जुळणं हेच शिकायचं आहे.

उडाल्यावर तुम्ही पालथ्या असता, छातीखाली काही नाही. पहिलं अर्धं मिनिट मी माझ्या पायांची बोटं टेकायला जागा शोधत होते. मग पायलटनं पाय मागे पिशवीसारख्या खोळीत घालायला लावले आणि एकदम पाळण्यात ठेवल्यासारखं झालं. कानाला वाऱ्याचा आवाज, शिडाच्या कापडाची बारीक थरथर, आणि खालून गाईंच्या गळ्यातल्या घंटा. इतक्या वर गाईच्या घंटा ऐकू येतील असं मला वाटलं नव्हतं. घारीसारखं वाटतं का, असं तुम्ही विचाराल. घार पंख न हलवता वळते ना, तसंच इथे पायलट शरीर नुसतं उजवीकडे सरकवतो आणि सगळा पंख उजवीकडे कलतो. दांडा पोटाशी ओढला की नाक खाली जाऊन वेग वाढतो, पुढे ढकलला की वेग कमी. सुकाणू नाही, दोऱ्या नाहीत. माणसाचं वजन हेच सुकाणू.

आणि तळी. इंटरलाकेन म्हणजे तळ्यांच्या मधलं गाव, एकीकडे थुन, दुसरीकडे ब्रिएन्झ. वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर शिकवलं होतं की नद्यांनी गाळ आणून एका तळ्याची दोन तळी केली. ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. गाव सपाट गाळावर मांडून ठेवलेलं, दोन्हीकडे पाणी. ब्रिएन्झचं पाणी दुधाळ हिरवं-निळं दिसतं, कारण हिमनदी खडक जात्यासारखा दळते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. जड गाळ तिथेच बसतो, म्हणून पुढचं थुन जास्त नितळ. मी हे सगळं पायलटला उत्साहानं सांगायला गेले, तर वाऱ्यात त्याला काही ऐकू येईना. तो म्हणाला, "यू ओके?"

उतरताना आम्ही पोटावरच उतरलो. दांड्याला छोटी चाकं होती, गवतावरून घसरत गेलो आणि थांबलो. हवेत पाऊण तास गेल्यासारखं वाटलं, घड्याळात पंधरा मिनिटं.

आता वेळेचं बघा. बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या दिवशी घ्यायला सांगा, शेवटच्या नको. आल्प्समध्ये फॉन नावाचा वारा वाहतो, पर्वत ओलांडून खाली उतरणारा, कोरडा आणि उष्ण. पाठ्यपुस्तकात तो बर्फ वितळवणारा, उपकारी म्हणून येतो. उडणाऱ्यांचा तो वैरी आहे, कारण आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि हवा मात्र खवळलेली. अशा दिवशी सकाळी फोन येतो की आज नाही. तुम्हाला वाटेल, इतकं छान ऊन तर आहे! वाद घालू नका. "नाही" म्हणणारा पायलट मिळाला तर त्याच्याच बरोबर दुसऱ्या दिवशी जा. हाताशी दुसरा दिवस असावा म्हणून पहिला दिवस.

आणि सकाळची वेळ मागा. दरीय वारे, पर्वतीय वारे आठवतात का शाळेतले? ऊन चढलं की उतार तापतात, हवा दरीतून वर चढते. दुपारी ती बुडबुड्यांसारखी उसळते. अनुभवी माणसाला तेच हवं असतं, त्यावरच तर तो तासन् तास वर राहतो. नवख्याच्या पोटाला मात्र ते खड्ड्यातल्या रिक्षासारखं लागतं. उपाशी जाऊ नका, भरल्या पोटीही नको. ब्रेड-बटर पुरे.

पायात घोट्याला घट्ट बसणारे बूट घाला, नाडीची दुहेरी गाठ मारून. पूर्ण लांबीची पँट, पातळ जाकीट. जूनमध्येही वारा बोचतो. चष्म्याला मागून दोरी. मंगळसूत्र आत खोचण्यापेक्षा मुलीकडे द्या, बांगड्याही. फोन घेऊ नका. कॅमेरा बहुतेक वेळा पंखालाच लावलेला असतो, पैसे जास्त घेतात, पण घ्या.

एक शेवटचं. ह्यांना वर टेक-ऑफला नेऊ नका. प्रेमळ माणसं कडेला उभी राहिली की आपले पाय अडतात, हा माझा अनुभव आहे. त्यांना खाली उतरायच्या मैदानात थांबवा. वेळ जात नसेल तर गावातल्या कुर्साल नावाच्या इमारतीच्या बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे, तो बघून येऊ दे.

प्रश्न : हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडर एकच का? मला हँग ग्लायडरच शिकायचंय, एकट्यानं उडवायला. महाराष्ट्रात सोय आहे का? वय 24.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एकच नाहीत. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, त्यावर कापड ताणलेलं, आणि माणूस पालथा लटकतो. पॅराग्लायडरला सांगाडाच नाही. नुसतं कापड, दोऱ्या आणि बसायची खुर्ची, हवा भरली की आकार येतो. दोन्ही उडतात एकाच नियमानं. हँग ग्लायडर जास्त वेगवान, वाऱ्याला जास्त पुरून उरणारा. पॅराग्लायडर घडी घालून पाठीवर घेता येतो, आणि तो लोकप्रिय ठरण्याचं ते एक मोठं कारण.

कारण दुसरा न्यायचा कसा! सांगाडा मिटला तरी पाच-सहा मीटर लांबीचं, तीस-एक किलोचं बोचकं होतं. आमच्या ओळखीच्या एकानं परदेशातून जुना हँग ग्लायडर आणला होता. जीपच्या टपावर बांधून आम्ही निघालो की वाटेतल्या गावांत लोक विचारायचे, "मांडव कुठं आहे?" एकदा एका नाक्यावर आम्ही "कामशेतला" म्हणून मोकळे झालो. डोंगरावर न्यायला चार माणसं लागायची आणि उडायचं एकानं. उरलेले तिघं दिवसभर हमाली करून घरी.

या पंखाचा जन्म मात्र घरगुती आहे. फ्रान्सिस रोगालो या अमेरिकी अभियंत्यानं आणि त्याची बायको गर्ट्रूड हिनं 1948 मध्ये कापडी लवचीक पंखाचा पहिला नमुना केला, तो स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडाचा. पुढे 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सननं त्याला त्रिकोणी दांडा जोडला. आज पायलट ज्याला धरतो तो हाच.

सोयीचं म्हणाल तर तुमच्या शेजारी देवळालीला लष्कराचं हँग ग्लायडिंगचं केंद्र आहे, पण ते जवानांसाठी. बाकीच्यांनी कामशेतला पॅराग्लायडिंगपासून सुरुवात करावी, असं माझं मत. हौसेला मुरड घाला असं म्हणत नाही. वारा वाचायला तिथे शिकाल आणि ते दोन्हीकडे लागतं. पुणे-लोणावळा लोकल कामशेतला थांबते. पहिले दिवस उडण्याचे नसतातच. मोकळ्या माळावर पंख उचलायचा, डोक्यावर स्थिर ठेवायचा, पडू द्यायचा, पुन्हा उचलायचा. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात आणि कंटाळून निम्मी पोरं इथेच गळतात. तुम्ही गळला नाहीत तर मग टेकडीवरून छोटी उडी, मग मोठी. शासनानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय. ज्यांच्याकडे शिकणार त्यांची नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. नोंदणीचा कागद दाखवायला कुणी खळखळ केली तर लोकल परतीचीही असते.

प्रश्न : आम्ही ऑगस्टमध्ये हिमाचलला जातोय. बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंग करायचंय. पावसात डोंगर हिरवेगार असतील ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डोंगर हिरवे असतील, उड्डाण नसेल. हिमाचलात 15 जुलै ते 15 सप्टेंबर पॅराग्लायडिंग बंद असतं, पावसामुळे. कामशेतही पावसाळ्यात बंदच. ओला पंख जड होतो, ढग खाली उतरले की समोरचा डोंगर दिसत नाही, आणि मोठा ढग वाढत असेल तर तो खालची हवा वर ओढतो, तुमच्यासकट. त्या काळात कुणी "थोडा वेळ उघडीप आहे, करून देतो" म्हणालं तर निघून या.

बिलिंगचा टेक-ऑफ सुमारे 2400 मीटरवर आहे, मागे धौलाधारची डोंगररांग. 2015 मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक तिथे झाला होता. ऑक्टोबरमध्ये जा. रजा बदलून मिळत नसेल तर ऑगस्टमध्ये बीरला राहा, चहाच्या मळ्यात फिरा, मोमो खा, आणि बिलिंगपर्यंत रस्ता उघडा असेल तर वर जाऊन नुसते उभे राहा. कुठून धावायचंय ते बघून ठेवा.